कोलारच्या सोन्याच्या खाणी आणि आपली माणसे

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी इतिहास शिकवितो. हिंदुस्थानातील औद्योगिक कामगारांचे प्रकरण चालू होते. मुंबईच्या गिरण्या झाल्या, आसामचे चहाचे मळे झाले, आणि फळ्यावर मी 'कोलार गोल्ड फील्ड्स' असे लिहून त्याखाली 'के. जी. एफ.' ही अक्षरे लिहिली. वर्गात एकदम शिट्ट्या वाजल्या. मुलांना ती अक्षरे २०१८ साली आलेल्या आणि २०२२ साली दुसरा भाग निघालेल्या कन्नड चित्रपटामुळे माहीत होती. त्या चित्रपटात एक शूर तरुण एकटाच हजारो गुलामांची सुटका करतो. शिट्ट्या थांबल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, तिथं खरंच सोनं होतं?"

होते. सुमारे एकशेवीस वर्षांत तेथून आठशे टनांच्या आसपास सोने निघाले. मुलांनी तो आकडा वहीत उतरवून घेतला. पण ते सोने काढले कोणी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मलाही तो पदवी घेईपर्यंत कधी पडला नव्हता हे मी कबूल करतो. आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडून महाविद्यालयात गेलेला मी पहिलाच. आणि माझा बाप चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षे खाली उतरत होता. खाणकामगाराच्या मुलाला जर हा प्रश्न पडला नाही, तर पाठ्यपुस्तकांनी आपले काम किती चोख केले आहे ते दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत बापाला घेऊन मी कोलारला गेलो. बापाला नेण्याचे कारण असे की, मला पुस्तकातून जे कळत नाही ते त्याला नुसते पाहून कळते.

कर्नाटकात बंगळूरपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटरवर हे गाव आहे. बंगारपेट जंक्शनला मुख्य मार्गावरून एक लहान फाटा फुटतो आणि कोरोमंडल, ऊरगाव, चॅम्पियन करीत मारिकुप्पमला संपतो. पुढे रूळ नाहीत. हा फाटा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात केवळ खाणींसाठी टाकण्यात आला. गाडीतून उतरण्यापूर्वीच डोंगर दिसू लागतात. राखाडी, सपाट माथ्याचे, अंगावर पावसाच्या ओघळांनी पडलेल्या घळी. बापाने खिडकीतून पाहिले आणि म्हणाला, "हे डोंगर देवानं नाई केले. हे माणसानं केले." तसेच आहे. दगड कुटून, दळून, त्यातले सोने काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्याचे हे ढीग. असे तेरा ढीग आहेत आणि त्यांत तीन कोटी टनांहून अधिक चुरा आहे. त्याला तेथे सायनाइडचे डोंगर म्हणतात. का म्हणतात ते पुढे येईल.

या गावाचा छापील इतिहास बहुधा एका इंग्रज लेफ्टनंटापासून सुरू होतो. १७९९ साली टिपू पडला. त्यानंतर म्हैसूर संस्थानच्या हद्दी आखण्याच्या कामावर जॉन वॉरन नावाचा अधिकारी होता. १८०२ साली या भागात सोने सापडते अशी वदंता त्याच्या कानी आली. जो सोने दाखवील त्याला बक्षीस देऊ असे त्याने जाहीर केले, तेव्हा गावकरी मातीने भरलेल्या गाड्या घेऊन आले आणि त्याच्यासमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. पुढे मारिकुप्पमजवळ त्याला चालू खाणी आढळल्या. तीस ते पंचेचाळीस फूट खोल, अरुंद तोंडाच्या. खाली माणसे दगड फोडीत, टोपल्या हातोहात वर येत, आणि बायका ते दगड मोठ्या शिळेवर कुटून त्यांचा भुगा पाण्याने धूत. ही माणसे कोण होती? परैयर. तामिळनाडूतील आपले भाऊबंद. गावकुसाबाहेरचे, मेलेली ढोरे ओढणारे, पारई नावाचे चर्मवाद्य वाजविणारे. आपल्याकडे जो महार तोच साधारणपणे तिकडे परैयर असे समजावे.

वॉरनने जे लिहून ठेवले त्याला इतिहासात 'शोध' म्हणतात. ज्यांच्या हातात हातोडी आणि टोपली होती त्यांनी शोध लावला नव्हता, ते नुसतेच काम करीत होते! शोध लावण्यासाठी लिहिता यावे लागते. अक्षर ज्याच्याकडे, मालकी त्याच्याकडे. ज्योतिबांनी हे कधीच सांगून ठेवले आहे.

वॉरनचा लेख वाचून सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाचा एक निवृत्त आयरिश शिपाई बैलगाडीने या भागात फिरला. तो न्यूझीलंडमध्ये लढून आलेला होता आणि सोन्याचा नाद तेथेच लागलेला होता. १८७५ साली म्हैसूर सरकारकडून त्याने वीस वर्षांचा परवाना मिळविला. भांडवल पुरेना म्हणून दोन वर्षांत त्याने आपला हक्क इतरांना देऊन टाकला. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या पेढीच्या हाती कारभार गेला. आरंभीची काही वर्षे पैसा नुसता जमिनीत गेला. कंपनी गुंडाळायची वेळ आली असताना जुन्या देशी खाणींच्या खालीच मुख्य शिर सापडली. म्हणजे परैयरांच्या बापजाद्यांनी जेथे खणले होते तेथेच. आज बंगळूरच्या एका श्रीमंत वस्तीत लॅव्हेल रोड आहे. खाणीच्या गावातील पेठांना रॉबर्टसन आणि अँडरसन या साहेबांची नावे आहेत.

कंपन्यांना हजारोंनी मजूर हवे होते. जवळपासचे कानडी शेतकरी खाली उतरायला राजी नव्हते. तेव्हा कंत्राटदारांनी उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम, धर्मपुरी या भागांतून माणसे आणली. त्यांत बहुसंख्य आदि-द्रविड. १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ नुकताच त्या मुलखावरून गेला होता. पण केवळ दुष्काळ हे कारण धरून चालणार नाही. गावात परैयर हा जमीनदाराचा पडियाळ होता. आपल्याकडचा सालगडी डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की तेथे कर्ज बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जात असे. खाणीत माणूस मरतो हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. तरीही ते आले, बायकापोरांसह आले, आणि मागाहून भावकीला घेऊन आले. गावात जगण्यापेक्षा जमिनीच्या पोटात मरण्याचा धोका ज्यांना बरा वाटला त्यांच्या गावाबद्दल वेगळे काय सांगायचे? खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी कोलारच्या हजेरीपटाकडे एकदा पाहावे. विसाव्या शतकाच्या आरंभी तीसएक हजार माणसे या खाणींत राबत होती.

आता काम कसे चाले ते सांगतो. सोने गारेच्या, म्हणजे पांढऱ्या स्फटिकाच्या, पातळ थरात असते आणि हा थर तिरपा होत खोल खोल जातो. त्याचा पाठलाग करीत खाणही खोल जाते. चॅम्पियन रीफ खाण अखेर तीन किलोमीटरांहून अधिक खोल गेली. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर जेवढी उंची होईल, जवळजवळ तेवढी. शाफ्ट म्हणजे विहिरीसारखा उभा बोगदा. त्यातून पिंजऱ्यात उभे राहून खाली जायचे, मग आडव्या बोगद्यांतून चालायचे, मग दुसरा पिंजरा. तळाशी खडकाचे तापमान साठ अंशांच्या वर. वरून थंड हवा सोडावी लागे, तेव्हा कोठे माणूस तेथे उभा राहू शके. सुरुंगासाठी भोके पाडायची, सुरुंग उडवायचा, फुटलेला दगड गाड्यांत भरून वर पाठवायचा. वर गिरण्यांत दगडाचे पीठ व्हायचे. आरंभी ते पीठ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून पाण्याने वाहू देत. पारा सोने धरून ठेवी. पुढे सायनाइडच्या पाण्यात सोने विरघळवून काढण्याची रीत आली. उरलेला गाळ बाहेर टाकायचा. तेच हे डोंगर. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडी वारा सुटला की या डोंगरांची पांढरी धूळ घरांत, भांड्यांत, डोळ्यांत जाते.

मी एका बंद शाफ्टच्या कुंपणाशी उभा राहून वरचा लोखंडी सांगाडा आणि त्यावरचे भले मोठे चाक पाहत होतो. चित्र म्हणून ते सुंदर दिसते, खोटे कशाला बोलू. बाप मात्र चाकाकडे पाहत नव्हता. तो पिंजऱ्याच्या तोंडाची रुंदी पाहत होता. म्हणाला, "एका खेपेला किती माणसं मावत असन? अन् खाली काई झालं त वर यायला किती वेळ?" त्याला जे सुचले ते या खाणींचे मुख्य दुखणे होते. खडक इतक्या खोलीवर प्रचंड दाबाखाली असतो. त्यातला एक भाग पोखरून काढला की उरलेल्यावर भार येतो, आणि तो भार असह्य झाला की खडक बंदुकीच्या गोळीसारखा फुटतो. छत कोसळते तसे हळूहळू नाही. आधी करकर नाही, माती झरणे नाही. याला रॉकबर्स्ट म्हणतात. कोलार यासाठी साऱ्या जगात कुप्रसिद्ध होते. खाली मोठा रॉकबर्स्ट झाला की वर गावातील घरे हादरत. भांडी पडली की बाई दाराबाहेर येऊन शाफ्टच्या दिशेने पाहू लागे.

पण खडकाखाली सापडून मेले त्यांच्यापेक्षा फार मोठी संख्या हळूहळू मेलेल्यांची असणार. स्फटिकाची बारीक धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते, तेथे रुतते, आणि फुप्फुस दगडासारखे कठीण होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. भारतात हा रोग प्रथम नोंदला गेला तो कोलारमध्येच. १९४० ते १९४६ या काळात साडेसात हजारांहून अधिक कामगार तपासले. शंभरातील चाळिसांहून अधिक जणांना तो जडलेला आढळला. आकडा पुन्हा वाचावा. हे खाणी सुरू होऊन साठ वर्षे झाल्यावर. त्याआधी मेले ते सारे क्षयाने, दम्याने किंवा 'खोकल्याने' मेले.

माझा बाप खोकतो. त्याला डॉक्टरांनी विडीचे कारण सांगितले आणि त्याने ते मान्य केले, कारण विडी तो खरोखर ओढत होता. कोळशाच्या खाणीतही दगड फोडावाच लागतो आणि दगडाची धूळ तीच. कोलारच्या तपासणीची हकीकत मी त्याला तेथे, त्या कुंपणाशीच सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. "म्हंजे त्यायले तवाच माईत होतं," एवढेच म्हणाला.

या खाणींसाठी १९०२ साली कावेरीच्या शिवसमुद्रम धबधब्यावर वीज निर्माण करण्यात आली आणि सुमारे ९२ मैलांच्या तारांवरून येथवर आणण्यात आली. एवढ्या लांबीची वीजवाहिनी त्या काळी जगात विरळाच होती. बंगळूर शहराला दिवे लागायच्या तीन वर्षे आधी कोलारचे यंत्र विजेवर फिरू लागले. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान यांमुळे गावाला 'लिटल इंग्लंड' म्हणत. ही हकीकत सगळे मोठ्या अभिमानाने सांगतात. मजुरांच्या वस्त्यांना 'कुली लाइन' म्हणत. तेथे तट्ट्यांच्या झोपड्या होत्या, आणि वीज तारेवरून त्यांच्या डोक्यावरून जात होती.

मजूर हा कंपनीच्या लेखी आधी चोर आणि मग कामगार होता. पाळी संपल्यावर अंगझडती. सोन्याच्या चोरीसाठी संस्थानने खास कायदा केला होता. ज्याच्याजवळ सोन्याचा दगड सापडे त्यानेच आपण निर्दोष असल्याचे सिद्ध करायचे. रखवालीला उत्तरेकडून आणलेले पंजाबी शिपाई ठेवले होते, भाषा न कळणारे, म्हणून दयामाया न दाखविणारे. १९३० साली प्रत्येक कामगाराची नोंदणी करून त्याच्या बोटांचे ठसे घ्यावेत असा हुकूम निघाला. ठसे तोवर घेतले जात ते गुन्हेगारांचे. कामगार बिथरले. सारे सुवर्णक्षेत्र सुमारे तीन आठवडे बंद पडले. पगारवाढीचा संप मालकाला समजतो. हा संप अब्रूसाठी होता. अंगठा मागितला आणि दिला नाही, अशी ही गोष्ट आहे. आपल्या वाचकांना एकलव्याची आठवण मी करून द्यायला नको.

ही हिंमत कोठून आली? येथे मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण कोलारवरच्या लेखांत नेमका हाच भाग गळतो.

मद्रासमध्ये पंडित अयोत्ति दास (१८४५ ते १९१४) नावाचे एक सिद्ध वैद्य होते. जातीने परैयर, तामिळचे गाढे अभ्यासक. तामिळ ग्रंथ धुंडाळून ते अशा निष्कर्षाला आले की, आपण मूळचे बौद्ध आहोत आणि बुद्धधर्म सोडला नाही म्हणूनच आपल्याला अस्पृश्य केले गेले. बाबासाहेबांचे 'अनटचेबल्स' १९४८ साली आले. त्याच्या कितीतरी आधी हा विचार तामिळमध्ये मांडला जात होता. तो इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरतो याची चर्चा होऊ शकते, आणि व्हावी. परंतु 'तू हिंदूंतला सर्वांत खालचा आहेस' या वाक्याच्या जागी 'तू हिंदूच नाहीस' हे वाक्य ठेवण्याचे धैर्य त्यात होते. १८९८ साली ते सिलोनला जाऊन पंचशील घेऊन आले आणि मद्रासला त्यांनी शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. १९०७ साली 'ओरु पैसा तमिळन' हे साप्ताहिक काढले. एक पैसा किंमत, म्हणून नाव 'एक पैशाचा तमिळन'.

या साप्ताहिकाचे वाचक आणि या संघाचा भक्कम आधार कोठे होता? मारिकुप्पम आणि चॅम्पियन रीफ येथे. खाणकामगारांत. तेथे संघाच्या शाखा निघाल्या, वैशाख पौर्णिमा होऊ लागली, लग्ने आणि अंत्यविधी ब्राह्मणाशिवाय होऊ लागले. अयोत्ति दासांच्या निधनानंतर त्यांचे लेखन पुस्तकरूपाने टिकले ते मुख्यतः चॅम्पियन रीफच्या सिद्धार्थ प्रकाशनामुळे. १९२६ नंतर काही वर्षे 'तमिळन' पुन्हा निघू लागले तेही कोलारहूनच, जी. अप्पादुरै यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर. नागपूरची दीक्षाभूमी १९५६ ची. त्याआधी अर्धे शतक जमिनीखालून वर आलेली, दगडाच्या धुळीने माखलेली माणसे पंचशील म्हणत होती. याच चळवळीतले मद्रासचे विज्ञानाचे प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू, त्यांच्या 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' या १९०७ च्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती १९४८ साली निघाली तिला प्रस्तावना बाबासाहेबांची आहे. म्हणजे हा प्रवाह आणि आपला प्रवाह कोठेतरी एकमेकांना भेटलेले आहेत. आपल्याकडे मात्र अयोत्ति दासांचे नाव किती जणांना माहीत आहे? मी स्वतः ते तिशीत ऐकले.

खाणीतच हे का घडले याचा मी बराच विचार केला. माझ्या मते कारणे अगदी साधी आहेत. पगार रोख मिळे, धान्यात नाही. रोख पैशातून वर्गणी देता येते, ज्वारीच्या पायलीतून साप्ताहिक चालत नाही. लाइनीत सारे आपलेच. पाटील नाही, पुजारी नाही, वेशीवरून जाताना चप्पल हातात घ्यायला सांगणारा नाही. रेल्वे आणि टपाल दारात. मद्रासला छापलेला अंक येथे थेट पोहोचे. आणि पाळीचे काम घड्याळावर चाले, त्यामुळे उरलेला वेळ ज्याचा त्याचा असे. गावातल्या पडियाळाला 'उरलेला वेळ' ही गोष्टच नसते. खाणीने त्यांची फुप्फुसे घेतली, पण गाव त्यांच्या छातीवरून उतरविला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपल्या काही मार्क्सवादी मित्रांना पहिलीच दिसते, आणि भांडवलशाहीने जात मोडेल असे म्हणणाऱ्यांना दुसरीच.

कारण खाणीतही जात मोडली नव्हतीच. जमिनीखालचे, सर्वांत धोक्याचे काम आदि-द्रविडांचे. वरच्या कारखान्यांतील, कचेरीतील कामांत इतर जातींचा आणि अँग्लो-इंडियनांचा भरणा. सर्वांत वर गोरे. जणू चातुर्वर्ण्य उभे खणून पाहिले होते. मुंबईच्या गिरण्यांत उलट प्रकार होता. तेथे आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. तिकडे चांगल्या पगाराच्या खात्यातून बाहेर, इकडे मरणाच्या खात्यात आत. हिशेब एकच.

पुढे कोलारात लाल झेंडाही आला. के. एस. वासन यांच्यासारख्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी संघटना बांधली आणि १९४६ मध्ये मोठा लढा झाला. निळा झेंडाही राहिला; रिपब्लिकन पक्षाचे सी. एम. आरुमुगम येथून विधानसभेत निवडून गेले. दोन झेंड्यांची भांडणे आपल्याला परिचयाची आहेत, त्यांत शिरत नाही.

१९५६ च्या अखेरीस म्हैसूर राज्याने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या आणि १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी झाली. तोवर वरचे सकस सोने इंग्रज घेऊन गेले होते. आरंभी टनाला चाळीस ग्रॅमच्या वर देणारा दगड शेवटी तीन ग्रॅमवर आला. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी तीन टनांहून अधिक दगड तीन किलोमीटरांवरून वर आणायचा. शिवाय साठीच्या दशकात सरकार हे सोने आंतरराष्ट्रीय ठरीव भावाने घेई, आणि देशातील बाजारभाव त्याहून कितीतरी चढा होता. मग वहीत तोटा दिसणारच. तो तोटा कामगारांच्या डोक्यावर मारला गेला.

मधल्या काळातील एक गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, चॅम्पियन रीफ खाणीत दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर उपकरणे ठेवून वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा मागोवा घेतला. जगात असा पुरावा मिळविणाऱ्या पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. तेवढे खोल गेले की इतर विश्वकिरण खडकात अडून राहतात. ती खोली कोणाच्या हातांनी तयार झाली होती हे शोधनिबंधात लिहिण्याची पद्धत नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. पंप थांबले आणि बोगद्यांत पाणी चढत गेले. कामगारांना काही रक्कम मिळाली, काही देणी कोर्टात अडकली, आणि घरे कंपनीची असल्यामुळे ज्या खोलीत तीन पिढ्या जन्मल्या ती आपली की नाही हा प्रश्न लोंबकळत राहिला. बोली तामिळ, राज्य कर्नाटक, दोन्हीकडे उपरे. आणि मग जे झाले ते ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. वस्त्यांमध्ये जुने कोरडे संडास होते. कंपनी होती तोवर ते साफ करण्याचे काम कोणीतरी करी; कंपनी गेल्यावर याच वस्त्यांतील, याच जातीतील माणसे, काही तर शिकलेली पोरे, ते काम करू लागली. २०११ साली मैल्याच्या खड्ड्यात उतरलेली माणसे गुदमरून मेली तेव्हा प्रकरण वर्तमानपत्रांत आले आणि न्यायालयातही गेले. आजोबा सोन्यासाठी खाली उतरला, नातू मैल्यासाठी.

२०२४ साली पा. रंजित या तामिळ दिग्दर्शकाने 'तंगलान' चित्रपटात या परैयर खाणकामगारांना प्रथमच मध्यभागी आणले. त्याच वर्षी कर्नाटक मंत्रिमंडळाने सायनाइडच्या तेरा डोंगरांतून उरलेसुरले सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. त्या चुऱ्यात टनाला ग्रॅमभरही सोने नसले तरी आजच्या भावात ते परवडते. डोंगर उकरले की धूळ उडेल. ती कोणाच्या घरात जाईल हे त्या प्रस्तावात असेल अशी आशा करतो.

परतीची गाडी पहाटेची होती. मारिकुप्पमच्या फलाटावर अंधारात डबे हातात घेतलेली शेकडो माणसे उभी होती. बहुतेक तिशीच्या आतली. हे रोज बंगळूरला जातात. कोणी बांधकामावर, कोणी दुकानात, बायका कपड्यांच्या कारखान्यांत. आमच्या समोरच्या बाकावर रखवालदाराच्या गणवेशातील एक मुलगा बसला. बापाने त्याला आपल्या मोडक्या हिंदीत विचारले, आजा खाण में था? मुलगा हो म्हणाला. आजा होता, बापही होता, चॅम्पियन रीफला. "आणि तू?" तो म्हणाला, एका सोन्याच्या दुकानाच्या दारात उभा असतो. रात्री दहाला घरी परततो. मग त्याने डबा मांडीवर घेतला, खिडकीला डोके टेकले, आणि बंगारपेट येण्याच्या आतच तो झोपला. बाप खोकत होता, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून तोंडावर गमछा धरून बसला होता.